एका ओळीतली यादी

यामिनी शहाद्याच्या एका छोट्या आरोग्य संस्थेत प्रोग्रॅमर होती. नर्मदाकाठच्या पाड्यांवरच्या गरोदर बायांच्या रक्ताचे अहवाल संगणकात यायचे. तिचा पायथॉन प्रोग्रॅम त्यातून रक्त कमी असलेल्या बायांची यादी काढायचा आणि ती घेऊन फुलवंताबाई नर्स बोटीने पाड्यांवर जायच्या.

प्रोग्रॅम मुळात दिनेशने, तिच्या वरिष्ठाने, लिहिलेला. त्यात चौदा ओळींचा लूप होता. एकेक नाव घ्यायचं, अहवाल बघायचा, नसला तर तसा शेरा मारून नाव यादीत ठेवायचं. यामिनीला हे फार लांबण वाटलं. तिने सगळं एका लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये, म्हणजे पूर्ण यादी एका दमात काढणाऱ्या एकाच ओळीत, बसवलं. अहवाल नसला की आकड्याची जागा रिकामी राही आणि प्रोग्रॅम तिथे अडायला लागला, तेव्हा ‘आकडा असेल तरच’ ही अटही त्याच ओळीत घातली. यादी सुटसुटीत आली.

महिन्याभराने फुलवंताबाई दौऱ्यावरून आल्या त्या थेट तिच्या टेबलाशी. तापीबाईचं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. तिच्या रक्ताचा नमुना वाटेत सांडला होता, त्यामुळे अहवाल आलाच नव्हता. फुलवंताबाई दोनदा तिच्या पाड्यावरून पुढे गेल्या होत्या.

"यादीमा तिन्हं नाव व्हतंच नही," त्या म्हणाल्या.

यामिनीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. संगणकाने सांगितलं तेवढंच केलं होतं: आकडा नाही, म्हणून नावच गाळलं होतं. तिला कोणी रागावलं नाही, आणि तेच तिला जड गेलं.

दिनेश शेजारी बसला. "गावांची नावं काढायची, फोन नंबर गाळायचे, तिथे तुझी एक ओळच बरी. वाचायलाही सोपी. पण नावागणिक वेगळं काही ठरवायचं असेल, तर लूप लिही. एकही नाव मुकाट्याने गळता कामा नये."

तिने लूप परत लिहिला. अहवाल नसलेली नावं आता सगळ्यांत वर येऊ लागली. गावांच्या नावांची ओळ मात्र तिने होती तशीच ठेवली.

पुढच्या खेपेला ती स्वतः बोटीत बसली. तापीबाईच्या ओट्यावर बसून तिने चूक आपली होती हे सांगितलं. फुलवंताबाई ते तिच्या पावरी बोलीत सांगत गेल्या. तापीबाईने यामिनीच्या हातातल्या यादीच्या कागदाकडे बघितलं. मग तिने काहीतरी विचारलं.

"शेजारच्या कालीबाईचा अहवाल आला का, विचारतेय," फुलवंताबाई म्हणाल्या.

यामिनीने कागद बघितला. आला नव्हता.

तापीबाई उठली आणि कालीबाईला बोलवायला गेली.