चौदाव्या रांगेतली नववी खुर्ची

केलर्स फोर्ड या मेथडिस्ट पंथाच्या कॉलेजात श्रद्धेची मोजणी वरून होत असे. दर बुधवारी सकाळी सारे कॉलेज उपासना मंदिरात जमे, प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असे, आणि मिस बीसली सज्जात बसून खाली नजर टाकीत. कोण आले आहे हे त्या पाहत नसत. कोणती खुर्ची रिकामी आहे, एवढेच पाहत. रिकामी खुर्ची म्हणजे गैरहजेरी. सत्रात चार गैरहजेऱ्या माफ होत्या. पाचवी झाली की सत्राचे सगळे गुण रद्द. आणि विद्यार्थी शेवटच्या वर्षाचा असेल, तर मे महिन्यात त्याने पदवीदानाचा झगा चढवण्याऐवजी घरी जाऊन बापाबरोबर मका पेरावा, असा सरळ मामला होता.

मर्ल प्रुइटच्या चारही गैरहजेऱ्या मार्च संपण्यापूर्वीच खर्ची पडल्या होत्या. मुलगा नास्तिक नव्हता, रसायनशास्त्राचा होता. बेरियम सल्फेटचा साका गाळणीवर उतरायला लागला की तो बुधवार पाहत नाही, आणि अर्ध्यावर सोडला तर आठवड्याची मेहनत मातीमोल होते. त्यात नेमक्या त्या बुधवारी नेब्रास्काहून एक नामांकित रेव्हरंड प्रवचनाला येणार होते, आणि ते लवकर आटोपत नाहीत अशी त्यांची ख्याती त्यांच्या आधीच येऊन पोहोचली होती.

मर्लने एमिल कुचेराला गाठले. एमिल गावातल्या चेक वस्तीतला, कॅथलिक; त्यामुळे त्याला बुधवारची उपासना माफ होती आणि मंदिरात खुर्चीही नव्हती. दोघांचेही केस सैन्यातल्यासारखे बारीक कापलेले. सज्जातून पाहणाराला दोन टाळक्यांत फरक दिसला नसता.

"तुमच्यात काय काय करावं लागतं?" एमिलने विचारले.

"काही नाही. बसायचं. बाकीचे करतील तसं करायचं."

"एवढंच? आमच्यात तर गुडघे टेकून टेकून पँटचा रंग जातो."

"गुडघे टेकायची वेळ येणार नाही. कोणी नाव विचारलं तर माझं सांग, म्हणजे झालं. रविवारचं माझं चिकन तुझं."

त्या दिवशी साका उत्तम उतरला. मर्ल गाळणी धूत असताना एमिल प्रयोगशाळेत आला आणि स्टुलावर बसला. त्याचा चेहरा लग्नाला जाऊन उपाशी परतलेल्या माणसासारखा होता.

"मर्ल, तुमच्यात प्रसाद देतच नाहीत का रे?"

"कसला प्रसाद?"

"मी पुढे गेलो ना."

मर्लने गाळणी खाली ठेवली. "पुढे? पुढे कशाला गेलास?"

"रेव्हरंड म्हणाले, ज्याला बोलावणं आलंय त्यानं पुढे यावं. दोघं-तिघं उठले. आमच्यात माणसं उठून वेदीकडे निघाली की ख्रिस्तप्रसादाला जायचं असतं. तूच म्हणालास, बाकीचे करतील तसं कर."

"अरे, आमच्यात ज्याचं मन पालटतं तो पुढे जातो. बाकीचे तीनशे जण बसले होते."

"आमच्यात खाऊन आलेल्यानं प्रसाद घ्यायचा नसतो. मला वाटलं, तुम्ही मेथडिस्ट सगळे न्याहारी चापून येता."

"मग?"

"मग काय, आमच्यात प्रसाद जिभेवर ठेवतात. गुडघे टेकले, डोळे मिटले, जीभ बाहेर काढली. बराच वेळ काढली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि रडायलाच लागले. म्हणाले, बघा, या तरुणाला शब्द फुटत नाहीत. जीभ बाहेर असताना कसे फुटतील?"

"आणि नाव?"

"विचारलं की. तुझंच सांगितलं. मी शब्दाला पक्का आहे."

दुपारी डीन थर्स्टन यांचे बोलावणे आले. डीन त्या सकाळी बाहेरगावी सभेला गेले होते. ते परतले तो वार्ता दारातच उभी होती. उंच, संथ बोलणारे गृहस्थ. त्यांनी मर्लचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"प्रुइट, तुझा जन्म काचेच्या नळ्यांतच जाणार, अशी माझी खात्री झाली होती."

"सर, त्या बाबतीत मला थोडं..."

"बोलू नकोस. तुला शब्द फुटत नव्हते, हे रेव्हरंडांनी सांगितलंय. ते लक्षण उत्तम आहे. तुझ्या आईला मी फोन केलाय. त्या फोनवर फारसं बोलू शकल्या नाहीत. वळण घरातलंच दिसतं."

खरे बोलावे तर पाचवी गैरहजेरी आणि पदवी गेली. गप्प राहावे तर उद्धार पदरात पडतो. मर्ल गप्प राहिला. उद्धाराला एवढे काम असते, याची त्याला कल्पना नव्हती. भोजनगृहात जेवणाआधीची प्रार्थना त्याच्याकडे आली, आणि ती लांबली की मागच्या टेबलावरून "उरकतं घे रे, बटाटे गार झाले" असा हलका आवाज येऊ लागला. गुरुवारी गायकवृंद, शनिवारी वृद्धाश्रमात वाचन, रविवारी पहिल्या वर्षाच्या मुलांना उपदेश. बुधवारचा एक तास वाचवायला गेलेला मर्ल आठवडाच हरवून बसला. पुढचा साका भट्टीत विसरला गेला आणि मुशीसकट वाया गेला. चौदाव्या रांगेतल्या शेजाऱ्यांना सारे ठाऊक होते. पण इतकी करमणूक फुकट मिळत असताना ती मोडण्याइतका वाईट स्वभाव त्यांच्यापैकी कोणाचाच नव्हता.

मग डीननी सांगितले, की येत्या बुधवारी मर्लने सर्वांपुढे साक्ष द्यावी. आपले मन कसे पालटले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे.

त्या बुधवारी मर्लची आई शेतावरून बसने आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली. केलर्स फोर्डमध्ये विद्यार्थ्यांच्या खुर्च्या दुसऱ्या रांगेपासून सुरू होत आणि पाहुणेही मागेच बसत. पहिल्या रांगेत बसलेले माणूस कोणी आजवर पाहिले नव्हते. तिच्या मांडीवर सफरचंदाच्या केकचा डबा होता आणि हातात रुमाल. तो तिने आधीच उलगडून ठेवला होता.

मर्ल व्यासपीठावर चढला. भाषण त्याने पाठ केले होते. त्याने सभेवर नजर फिरवली, आणि चौदाव्या रांगेत, त्याच्या खुर्चीवर, एमिल ताठ बसलेला दिसला. मर्ल वर गेला म्हणजे खुर्ची रिकामी पडणार आणि मिस बीसली गैरहजेरी मांडणार, हे ओळखून तो न सांगता येऊन बसला होता. मर्लने पुन्हा आईकडे पाहिले. रुमाल डोळ्यांकडे निघाला होता. पाठ केलेले भाषण त्याने सोडून दिले.

"त्या दिवशी मी इथं नव्हतो," तो म्हणाला. "मी प्रयोगशाळेत होतो. माझ्या खुर्चीवरून जो उठून आला तो कॅथलिक आहे. त्याला वाटलं, तुम्ही प्रसाद वाटताय. तो बघा, आजही तिथंच बसलाय."

तीनशे माना मागे वळल्या. एमिल उभा राहिला, थोडा झुकला आणि पुन्हा बसला. सज्जातून मिस बीसलींचा आवाज आला, "खुर्ची मात्र भरलेली होती." त्या आजवर उपासनेत कधी बोलल्या नव्हत्या.

आईने रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. उपासना सुटल्यावर ती एमिलकडे गेली आणि केकचा डबा त्याच्या हातात दिला. "तू तरी उठून पुढे गेलास, बाळ," ती म्हणाली. मर्लला तिने कॉलर नीट कर एवढेच सांगितले.

मेथडिस्ट माणसापुढे पेच पडला की तो समिती नेमतो. समितीने दोन बैठका घेतल्या. नियमात 'रिकामी खुर्ची' असे शब्द होते आणि खुर्ची रिकामी नव्हती; सबब गैरहजेरी धरता येईना. परंतु प्रवचन मर्लच्या कानावर पडले नव्हते, हेही तितकेच खरे. निर्णय झाला: ती संपूर्ण उपासना मर्लसाठी पुन्हा करावी. ती त्याने शेवटपर्यंत ऐकली, तर पदवी मिळेल.

शुक्रवारी संध्याकाळी जेवणाआधी मर्ल एकटा आपल्या खुर्चीवर बसला. शेजारी एमिल होता; त्याला समितीने बोलावले नव्हते, पण त्याने जागेवरून हलू नये, असे बजावून आत घेतले होते. सज्जात मिस बीसली. डीननी रेव्हरंडांचे प्रवचन मागवून घेतले होते, ते त्यांनी एकही ओळ न गाळता वाचले. रेव्हरंड जिथे थांबले असते तिथे थांबले. खिडकीतून भोजनगृहातल्या चिकन-नूडल्सचा वास येऊ लागला.

"ज्याला बोलावणं आलं असेल," डीन शेवटी म्हणाले, "त्यानं पुढे यावं."

ऑर्गन सुरू झाला. डीन एकटेच गाऊ लागले. पहिले कडवे झाले, दुसरे झाले. वाजवणाऱ्या बाई प्रत्येक कडव्याअखेर मान वळवून मर्लकडे पाहत.

"जा ना," एमिल कुजबुजला. "तू उठल्याशिवाय हे सोडणार नाहीत. नूडल्स संपतील."

"मला बोलावणं आलेलं नाही."

"मला तरी कुठं आलं होतं?"

मर्लने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. चौथे कडवे डीननी विशेष संथ घेतले. सहाव्यानंतर पुस्तकातली कडवीच संपली. मंदिर शांत झाले, आणि त्या शांततेत एमिलचे पोट स्पष्ट बोलले.

डीननी पुस्तक मिटले. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"प्रुइट, पाचव्या कडव्याला भुकेपोटी पुढे आलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत," ते म्हणाले. "माझ्या वेळी मीही त्यांतलाच होतो. मिस बीसली, खुर्ची?"

"भरलेली, सर," वरून उत्तर आले. "माणसासकट."