उणे ऐंशीतला निरोप

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्याजोगी नाही. एका निरोपाची गोष्ट सांगतो. निरोप पोचवणं मुळातच कठीण, त्यात एखादं मायाळू माणूस मदतीला धावलं की काय होतं, ते ऐका. मधेच कपाळावर हात मारावासा वाटला तर मारा. माझा मारून झाला आहे.

एक संशोधक बाई होती. दिवसभर मेदाशीच व्यवहार, म्हणून प्रयोगशाळेत सगळे तिला लोणीताई म्हणत. तिचं काम असं, की कर्करोगाच्या पेशीच्या पोटात एक निरोप नेऊन द्यायचा. निरोप म्हणजे आरएनएचा धागा. पेशीनं काय बनवायचं ते त्यात सांगितलेलं असतं. पण धागा भलता नाजूक. उघडा सोडला तर वाटेतच त्याचे तुकडे. म्हणून त्याला मेदाच्या अतिसूक्ष्म थेंबात गुंडाळायचं, आणि थेंबाला बाहेरून असे आकडे लावायचे की ते कर्कपेशीलाच अडकावेत, शेजारच्या निरोगी पेशीला नाही. सांगायला किती सोपं! तिचे थेंब मात्र उंदराच्या अंगात कुठूनही सोडले तरी माहेरी निघाल्यासारखे थेट यकृतात जाऊन बसत. देवानं यकृताला एवढी ओढ का दिली असेल, असं ती वैतागून म्हणे. आता नवे आकडे लावले होते, आणि या वेळी खरंच जमेल असं वाटत होतं.

तिचे वरिष्ठ, म्हणजे सर. सरांचा सगळा जन्म आरएनएत गेलेला. त्यांचा एकच नेम: जे मोलाचं, ते उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये. आणि सरांची थोरली बहीण अक्का. आई लवकर गेल्यावर अक्कांनीच सरांना वाढवलं. त्याच अक्कांच्या पोटात गाठ निघाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी अक्कांनी लोणीताईला खाटेजवळ बोलावलं.

"गाठीचा तुकडा खुशाल घे," त्या म्हणाल्या. "याने मला गुण येणार नाही, तेवढं कळतं मला. पण तुझा निरोप माझ्या गाठीला नेमका कळतो का, ते मला सांग. कळत असला, तर माणसांवर प्रयोग सुरू कराल तेव्हा माझं नाव घाला. नाहीतर उगाच आशेला बसवू नका."

गाठीचा तुकडा आला. कागदासारखे पातळ काप करून पोषक पाण्यात ठेवले. असे काप काही दिवसच जगतात, मग विझत जातात. थेंब आधीच तयार करून साध्या फ्रीजमध्ये ठेवले होते. त्यांतल्या निरोपात पेशींना एवढंच सांगितलं होतं, की हा पोचला तर हिरव्या उजळा.

सकाळी लोणीताईनं फ्रीज उघडला, तर थेंबांची कुपी जागेवर नाही. तिनं सगळे कप्पे उपसले. तेवढ्यात सर आले, चेहऱ्यावर समाधान. कुपी आपणच हलवली म्हणाले. आरएनए साध्या फ्रीजमध्ये पाहून आपल्याला घाम फुटला, अक्काचं काम म्हणजे हयगय नको, म्हणून उणे ऐंशीत ठेवली.

आता काय म्हणावं? नुसता आरएनए गोठवतात, बरोबर आहे. पण मेदात गुंडाळलेला, साखरेचं संरक्षण न घातलेला आरएनए गोठवला, की बर्फाचे कण थेंब फोडतात. कुपी वितळली तेव्हा आत नासल्या दुधासारख्या गुठळ्या तरंगत होत्या. सर म्हणाले, हलवून बघ. हलवलं. मग म्हणाले, गाळून घे. गाळलं, तर गुठळ्या गाळणीवर राहिल्या आणि खाली जवळजवळ नुसतं पाणी आलं. सरांनी गाळणीलाच दोष दिला.

सरांना तेच वापरायचं होतं. नवे करण्यात दिवस मोडेल, काप विझतील. एखादा थेंब तरी शाबूत असेलच की, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

"सर, एक पेशीही उजळली नाही, तर दोष कुणाचा सांगू?" लोणीताई म्हणाली. "अक्कांच्या गाठीचा, माझ्या आकड्यांचा, की तुमच्या मायेचा?"

सर स्टुलावर बसले.

न गुंडाळलेल्या निरोपाच्या मूळ कुपीत तळाशी थोडा अंश उरला होता, तो तिनं काढला. एका सिरिंजमध्ये आंबट पाण्यातला निरोप, दुसरीत स्पिरिटात विरघळलेले मेद. दोन्ही केसाएवढ्या वाटांतून एकमेकांवर सोडायचे, की थेंब तयार. तर वाट तुंबली. धुतली. पंप अडला. सरांनी त्यावर थाप मारली, तेव्हा तिनं त्यांना हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं, आणि ते खरंच तसे बसले. मधेच अक्कांचा फोन आला. सरांनी फोनकडे पाहिलं आणि मुकाट्यानं तिच्या हातात दिला. काम चालू आहे, एवढंच ती म्हणाली. भाऊ जेवला का, हे अक्कांनी विचारलं. नव्हता जेवला.

थेंब धुऊन, आकडे लावून कापांवर घातले तोवर बरेचसे काप विझले होते. जे जिवंत होते ते तिनं दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. कर्कपेशी हिरव्या उजळल्या होत्या, नीट, मन भरून. पण कडेच्या निरोगी पेशींतल्याही बऱ्याच उजळल्या होत्या. सर म्हणाले, कापच थकले होते, म्हणून तसं झालं असेल. असेलही. नसेलही. ते सांगायला आता ताजा काप उरला नव्हता, आणि हीच खरी चिडचिड.

दोघं अक्कांकडे गेले. गोड शब्दात बोलावं असं सरांनी जिन्यात सुचवलं होतं. लोणीताईनं जसं होतं तसं सांगितलं: निरोप गाठीला पोचला, पण शेजाऱ्यांनाही पोचला, आणि चूक आकड्यांची की उशिराची, हे कळायला मार्ग नाही.

"म्हणजे माझं नाव घालता येत नाही."

"आत्ता नाही, अक्का."

सरांनी तेव्हा फ्रीजरचं सांगून टाकलं, मान खाली घालून. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्रासलेल्या नजरेनं, जसं लहानपणापासून पाहत आल्या असतील.

"डॉक्टर म्हणतात अजून एक गाठ आहे, महिन्याभरात कापतील," त्या म्हणाल्या. "तीही घेऊन जा. उशीर झाला म्हणून, हे उत्तर मला दुसऱ्यांदा नको." मग भावाला म्हणाल्या, "तू घरी जा आणि जेव."

दुसरी शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. म्हणून एवढंच मागतो. रात्री दिवा मालवताना तुम्ही ज्यांच्यासाठी हात जोडत असाल, त्यांच्यात या अक्कांनाही धरा. आणि जागा उरली, तर त्यांच्या त्या भावालाही.