तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

दवनीवाड्याला घरामागच्या विहिरीतून कुंताकाकीला बाहेर काढलं, त्याला चार महिने झाले होते. "पाय घसरला," असं लखनलालकाकांनी सांगितलं, पोलिसांनीही तेच लिहून नेलं. आता काकांचं दुसरं लग्न आठ दिवसांवर आलं होतं, आणि विहीर निर्मळ केल्याशिवाय तिचं पाणी पाहुण्यांना चालणार नव्हतं.

पुतणी चंचल नुकतीच बी.एस्सी. झालेली. तिनं विहीर उपसून घेतली, ब्लीचिंग पावडर टाकली, गोंदियाहून पाणी तपासून आणलं. पिण्याजोगं असल्याचा कागदही मिळाला.

"पाहुण्यांले कागद पाजतेस का?" शामकला आजी म्हणाली. "बोल बोलल्याबिगर निर्मळ होते का पानी? आन् 'झालं' तुलेच म्हना लागते. घरात कुवारी तूच."

घरची रीत सोपी होती. कर्त्या पुरुषानं पाण्यात तुळस सोडून तीनदा विचारायचं, कुमारिकेनं तीनदा 'झालं' म्हणायचं. मग विहिरीत जे घडलं ते पुन्हा कोणी तोंडातून काढायचं नाही. चंचलला तेच अवघड होतं. काकी विहिरीत पडली त्या दुपारी ती माडीवर होती. तिनं काहीतरी ऐकलं होतं, आणि अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

भर उन्हात काका काठावर उभे राहिले, पाण्यात तुळस सोडली.

"मळ गेला, डाग गेला. निर्मळ झालं का, माय?"

"झालं."

"निर्मळ झालं का, माय?"

"झालं."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चंचलचा आवाजच फुटेना. तिनं दोन श्वास घेतले. मग खालून, पाण्यालगतून, कोणीतरी म्हणालं, "नाही."

प्रतिध्वनी, तिनं स्वतःला बजावलं. पण पाणी तीस फुटांवर. आवाज जाऊन परत यायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. शिवाय वर 'नाही' कोणी म्हटलंच नव्हतं.

तिनं वाकून पाहिलं. तुळशीची ताजी पानं तरंगायला हवी होती. पाण्यावर एकही नव्हतं.

"म्हन नं वो!" आजी खेकसली. तिला काही ऐकू आलं नव्हतं. "तोंडात गोटा भरला का?"

काकांना मात्र आलं होतं. ओठ पांढरे पडले होते त्यांचे. "चंचल, म्हन लवकर," ते पुटपुटले. "म्हनून टाक, बाई."

"नाही झालं," चंचल म्हणाली. "मी माडीवर होती, काका. मी ऐकलं होतं."

काय ऐकलं, हे काकांनी विचारलं नाही.