चार नंबरच्या खिडकीची पाटी सभागृहात

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, दाखले देण्याच्या कार्यालयातली, चार नंबरच्या खिडकीची. माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘खिडकी बंद आहे’. वाचून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू देत. मला त्याची सवय आहे. पण हीच मी, पंतप्रधानबाईंच्या मांडीवर बसून संसदेत जाऊन आलेय. तेव्हा माझे चार शब्द ऐकून घ्या.

माझा जन्म एका पेंटरच्या दुकानात झाला. औषधांच्या दुकानाचा मोठा बोर्ड केल्यावर पत्र्याचा एक तुकडा उरला होता, तो मी. पेंटरनं मला पिवळा रंग दिला आणि वर काळी अक्षरं काढली. ‘बंद’ हा शब्द काढताना त्याचा हात असा काही रंगात आला, की तो बाकीच्या शब्दांपेक्षा मोठाच झाला. मग दोन भोकं पाडून सुतळी ओवली आणि आम्हा चौघी बहिणींची एकदमच पाठवणी झाली. चार खिडक्या, चार पाट्या.

मी गेले तेव्हा तिथे कारकूनही चार होते, त्यामुळे मला फारसं काम नव्हतं. मग त्यातले एक निवृत्त झाले आणि त्यांची जागा कुणी भरलीच नाही. एका बाईंची बदली झाली. तिसरा तरुण होता, त्याला ‘जलद सेवा कशी द्यावी’ या प्रशिक्षणाला पाठवलं. तो तिथे इतका चमकला, की त्याला तिथेच शिकवायला ठेवून घेतलं. उरले एकटे काका.

काका म्हणजे चार नंबरचे कारकून. डोक्यावर मोजके केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि बसायला चाकांची खुर्ची. जन्माचा दाखला एक नंबरला, मृत्यूचा दोनला, लग्नाचा तीनला आणि पत्ता बदलायचा तर चारला. प्रत्येक खिडकीचं कपाट वेगळं, शिक्का वेगळा. काका टेबलाला पाय लावून खुर्ची ढकलायचे, की निघाली स्वारी! एकावरून चारवर, चारवरून दोनवर. बाहेरच्यांना फक्त एक डोकं सरकन जाताना दिसायचं.

ज्या खिडकीत काका नसत तिथे आम्ही लटकायचो. माणसांची एक गंमत सांगते. मला डोळे भरून वाचल्यावरही दहातली नऊ माणसं काचेवर टकटक करून विचारतात, “बंद आहे का हो?” एकदा एक गृहस्थ माझ्यावर इतके चिडले, की म्हणाले, “तुझ्या नावानं तक्रार करतो!” काका एक नंबरवरून ओरडले, “करा करा, पण तिचा पत्ता बदलायचा असेल तर याच खिडकीत यावं लागेल!” गृहस्थ हसले आणि त्यांचं कामही झालं.

लोक ताटकळू नयेत म्हणून काकांनी एक दिवस रंगाची डबी आणली आणि माझ्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलं, ‘शेजारी हाक मारा, मी येतो.’ काकांचं अक्षर काही देखणं नाही, पण त्या ओळीनं माझा जीव भांड्यात पडला. आता मी नुसती ‘नाही’ म्हणणारी राहिले नाही. लोक हाक मारायचे, खुर्ची घरंगळत यायची.

मग वरून सुधारणा आली. नव्या पंतप्रधानबाईंनी जाहीर करून टाकलं, ‘यापुढे सरकारी कार्यालयातली एकही खिडकी बंद दिसणार नाही.’ हेतू चांगलाच होता. पण किती खिडक्या उघडल्या हे मोजायचं कसं? देशभरच्या खिडक्या बघत कोण हिंडणार? सुधारणा विभागातल्या हुशार माणसांनी युक्ती काढली. ‘बंद’च्या सगळ्या पाट्या मुख्यालयात जमा करा. जितक्या पाट्या जमा, तितक्या खिडक्या उघडल्या!

आम्हाला न्यायला एक साहेब आले. काका म्हणाले, “साहेब, पाटी नेली म्हणून खिडकी उघडत नाही. मला माणूस द्या हो एखादा.”

“माणसाचं माझ्याकडे नाही, माझ्याकडे पाट्यांचं आहे,” साहेब म्हणाले. आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्या खालच्या ओळीवर गेली. “हे काय? सरकारी पाटीवर खासगी मजकूर?”

झालं! काकांच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. साहेबांनी वर बजावलं, की निलंबनसुद्धा होऊ शकतं. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्यांनी घरी फोन केला तेव्हा काकूंचा आवाज माझ्यापर्यंत पोचला: “तुम्हाला कुणी सांगितलं होतं पाट्या रंगवायला? आयुष्यभर मान खाली घालून काम केलंत आणि आता जाता जाता हा डाग?” काकांनी फोन ठेवला. त्यांनी मला रुमालानं पुसलं आणि साहेबांच्या हवाली केलं. मला फार वाईट वाटलं. माझ्या पायी त्यांच्यावर ही वेळ आली होती.

मुख्यालयातल्या एका खोलीत आमचा ढीग लागला. संसदेत सुधारणांवर प्रश्न येणार होते आणि त्याच खोलीत पंतप्रधानबाईंची तालीम चालायची. अधिकारी विरोधी पक्षाचे सदस्य व्हायचे आणि खोटं खोटं खवळायचे. एक उपसचिव तर इतका मनापासून खवळायचा, की बाई म्हणाल्या, “तुम्ही निवडणुकीला उभे राहू नका हं, मला जड जाईल.” मला त्या आवडल्या. बोलणं मोकळं, हसणं मोठ्यानं. पण हातातल्या आकड्यावर त्यांचा आंधळा विश्वास होता. दाखवायला एक पाटी हवी म्हणून ढिगात हात घातला गेला आणि मोठ्या ‘बंद’मुळे मीच वर आले.

प्रश्नोत्तराचा तास सुरू झाला तेव्हा मी बाईंच्या मांडीवर होते. बाकाखाली त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या होत्या. देशाचा कारभार अनवाणी चालतो हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला प्रश्न आला: लोकसेवेत सुधारणा झाली याला पुरावा काय? बाई उठल्या आणि मला उंच धरलं.

अध्यक्ष म्हणाले, “सभागृहात वस्तू दाखवायला परवानगी नाही.”

“अध्यक्ष महोदय, ही वस्तू नाही, हे माझं उत्तर आहे,” बाई म्हणाल्या. “अशा सगळ्या पाट्या आम्ही उतरवल्या. म्हणजे तेवढ्या खिडक्या उघडल्या.”

त्यांच्या बाजूची बाकं दणादण वाजली. मी मात्र शरमेनं पिवळ्याची पांढरी झाले. मला तोंड असतं तर तिथेच ओरडले असते.

मग समोरच्या बाजूनं एक सदस्य उठले. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नसे.

“उपप्रश्न आहे,” मास्तर म्हणाले. “गेल्या आठवड्यात मी पत्ता बदलायला गेलो होतो. ही पाटी जिथली आहे, त्याच खिडकीवर; तिचा हा मोठा ‘बंद’ मी पूर्वीही पाहिलाय. पाटी नव्हती, पण खिडकीही उघडी नव्हती. खिडकी चालू असेल म्हणून आम्ही पंधरावीस माणसं तिथे उभी. आतले कारकून एक नंबरला खांबाआड काम करत होते. आम्हाला ते दिसेनात, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. चारही खिडक्यांना तो एकच माणूस आहे. पूर्वी या पाटीच्या खाली एक ओळ असायची. आत्ता ती पंतप्रधानांच्या अंगठ्याखाली आहे. ती वाचून दाखवतील का?”

बाईंनी अंगठा काढला आणि वाचलं, “शेजारी हाक मारा, मी येतो.”

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह हसू लागलं. तेवढ्यात मागच्या अधिकारी कक्षातून घाईघाईनं एक चिठ्ठी आली. बाईंनी ती माझ्याच अंगावर ठेवून वाचली, म्हणून मलाही दिसली: ‘कारकुनाचा दोष आहे. निलंबन आजच करत आहोत, असे सांगावे.’

फार सोपं होतं हो ते. एक वाक्य बोलायचं आणि खाली बसायचं. काका कुठे तिथे होते प्रतिवाद करायला? बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. मग त्यांनी बाकाखाली चाचपत पायांत चपला घातल्या आणि नीट उभ्या राहिल्या.

“अध्यक्ष महोदय, मला दोन उत्तरं देता येतील,” त्या म्हणाल्या. “एक आत्ताच चिठ्ठीतून आलंय. त्यात म्हटलंय की दोष कारकुनाचा आहे. दुसरं असं, की आम्ही पाट्या मोजल्या आणि खिडक्या मोजायच्या राहून गेल्या. दुसरं उत्तर खरं आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे. जो माणूस चार खिडक्या एकटा सांभाळून वर ‘हाक मारा’ म्हणतो, त्याला आम्ही नोटीस दिली असेल, तर ती आज मागे घेतली जाईल. आणि त्याला सोबतीला माणसं मिळतील.”

“किती दिवसांत?” मास्तरांनी विचारलं.

“आधी माणसं पाठवते, मग दिवस सांगते. आकडा सांगून एकदा तोंडघशी पडलेय, तेवढं आजच्या दिवसाला पुरे!”

आता गंमत अशी झाली, की बाकं विरोधी बाजूनं वाजली. बाईंच्या बाजूच्यांना वाजवावं की नाही हेच कळेना. काही जणांनी जरा वाजवून इकडेतिकडे बघितलं.

मला गाडीतून परत पाठवलं. विभागानं सोबत नवा मजकूर मंजूर करून दिला होता: ‘सदर खिडकी तूर्त कार्यान्वित नसल्याने अभ्यागतांनी लगतच्या खिडकीशी संपर्क साधावा.’ तो माझ्यावर मावेचना. पेंटर म्हणाला, “याला दुसरी पाटी लागेल, किंवा दुसरी भाषा.” त्यामुळे माझी जुनी ओळ शाबूत राहिली.

मी पोचले त्या सकाळी काका तीन नंबरवर होते. रांगेतल्या बऱ्याच जणांनी संसदेचं कामकाज टीव्हीवर पाहिलं होतं. कुणीतरी मला ओळखलं, मग काकांना ओळखलं. एका आजीबाईंनी खिडकीच्या फळीवर हात आपटला. मागच्यांनी आपटला. बघता बघता सगळी रांग संसदेतल्यासारखी फळ्या बडवायला लागली.

“अहो, अहो! काच फुटेल! मग त्याची नोटीस येईल मला!” काका ओरडत होते आणि चष्मा काढून डोळे पुसत होते.

हल्ली दोन नंबरला एक नवी मुलगी आलीय आणि जलद सेवा शिकवणाऱ्यालाही परत जलद सेवा द्यायला बोलावलंय. काकांच्या खुर्चीची चाकं गंजायला लागलीत. मी बराच वेळ कपाटावर पालथी पडून असते, आणि खरं सांगते, या आरामानं माझी तब्येत सुधारलीय.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मी कधी दिसले तर तोंड वाकडं करू नका, मी खरं तेच सांगते. पण खिडकी बंद आणि तिच्यावर पाटीच नाही असं कुठे दिसलं, तर मुकाट्यानं उभे राहू नका. बिनधास्त हाक मारा. आत कुणीतरी एकटाच चार माणसांचं काम करत असेल, आणि तो आहे हे तुमच्या हाकेशिवाय कुणाला कळणार नाही.