निळ्या पाठीचा पक्षी

संग्रहालयाच्या मारित्साबाईंनी डब्यातला कापूस बाजूला सारला आणि दोन पेंढा भरलेले टॅनेजर पक्षी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोघांचीही पोटं हळदीसारखी पिवळी. पण एकाची पाठ गर्द निळी, दुसऱ्याची हिरवट. निळा एलिसेओने बावीस वर्षांपूर्वी याच डोंगरावर पकडून संग्रहालयाला दिला होता. हिरवा दरीपलीकडचा.

“काका, तुमचं खरं निघालं,” मारित्साबाई म्हणाल्या. “दोघांचा डीएनए तपासला. जाती वेगळ्या आहेत.”

एलिसेओने निळ्या पाठीवरून बोट फिरवलं.

“तेव्हा तर म्हणालात, एकच.”

“रंग डोंगरागणिक बदलतो, असं वाटलं तेव्हा. चुकले मी.”

त्या एका उत्तराने डोंगरावरचं जंगल राखायची गोष्ट बारगळली होती. मग मुलांनी ग्रानादिया फळाच्या वेलींसाठी जमीन मागितली. एलिसेओ वर्षभर अडून बसला. शेवटी त्याची बायको रोसाल्बा म्हणाली, “पलीकडे तेच पक्षी आहेत ना? मग पोरांच्या पोटावर कशाला पाय देता?” करवत त्याने स्वतःच चालवली.

“उद्या पहाटे वर जाऊ,” मारित्साबाई वही काढत म्हणाल्या. “आवाज टिपायचाय.”

“वर वेली आहेत, बाई. निळा दिसून चार वर्षं झाली.”

“दुसऱ्या एखाद्या उतारावर असेल.”

“दुसरीकडे नव्हताच कुठे. तेच तर सांगत होतो तुम्हाला.”

त्यांचं पेन वहीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. अँडीजमधलं दुपारचं धुकं खिडकीपर्यंत आलं होतं.

“नका लिहू,” एलिसेओ म्हणाला. “एकच राहू द्या.”

“काका, तसं नाही करता येत.”

तेवढ्यात रोसाल्बा गुळाच्या गरम पाण्याचे कप घेऊन आली. टेबलावरचे पक्षी पाहून ती दारातच थबकली.

“काय निघालं हो?” तिने विचारलं.

मारित्साबाईंनी तोंड उघडलं. पण एलिसेओ आधी बोलला.

“काय निघणार? एकच जात. बाई तेच सांगायला आल्यात.”

रोसाल्बाने कप खाली ठेवले आणि पदराआड लपवावेत तसे दोन्ही हात ॲप्रनमध्ये गुंडाळले.

“सुटले बाई,” ती म्हणाली. “इतकी वर्षं मनाला खात होतं माझ्या. कुणाला बोलले नाही.”

“प्या, बाई,” एलिसेओ मारित्साबाईंना म्हणाला. “गार होईल.”