तिसरा पर्याय

परराष्ट्र खात्यात तिला सगळे टिपणीबाई म्हणत. शेजारच्या देशाशी काही वाजलं की मंत्र्यांसाठी टिपण तिनेच लिहायचं आणि त्यात पर्याय तीनच द्यायचे, हा खात्याचा रिवाज. पहिला इतका मिळमिळीत की कुणालाही लाज वाटावी, तिसरा इतका जहाल की ऐकूनच धडकी भरावी. मग मंत्री शहाण्यासारखे मधला उचलत. तो अर्थात खात्याने आधीच ठरवलेला असे. तिसऱ्याला खात्यात बुजगावणं म्हणत. ही युक्ती तिला खुद्द सचिवांनी शिकवली होती.

या वेळी शेजाऱ्यांनी नदीवरच्या चौकीतले दोन शिपाई धरून नेले होते. तिचा मुलगा त्याच नदीकाठी, जवळच्याच चौकीत होता. तिने मधला पर्याय जीव ओतून लिहिला: कुणाला तरी मध्ये घालून बोलणी करावीत. बुजगावणं नेहमीसारखं उरकून टाकलं: पूल ओलांडून पलीकडची चौकी ताब्यात घ्यावी.

बैठकीत नव्या मंत्र्यांनी टिपण वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तिसरा झकास आहे. हाच करू."

तिने सचिवांकडे पाहिलं, तर ते रिकाम्या कपात चमचा फिरवत बसलेले. सेनापती म्हणाले, "जमेल." त्यांना काय, कुणी विचारलं असतं तर चंद्रही जिंकून दिला असता.

भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांनी त्या खोलीत तोंड उघडायचं नसतं. तरी ती उठली.

"साहेब, तो पर्याय करण्यासाठी नाहीये."

"मग कशासाठी आहे?"

"तुम्ही दुसरा घ्यावा म्हणून."

"आणि पहिला?"

"तोही त्यासाठीच."

मंत्र्यांचे कान लाल झाले. "म्हणजे या खुर्चीत बसणाऱ्याला तुम्ही आजवर लहान मुलासारखे घास भरवत होतात! ठरवणार तुम्ही आणि सही आमची?"

"चूक माझी आहे, साहेब. मला काय ती शिक्षा करा, पण पूल..."

"बसा खाली."

त्यांनी तिथेच सही ठोकली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि हिने ती भर बैठकीत उघडली होती. कदाचित उद्यापर्यंत कुणीतरी त्यांची समजूत घातली असती. आता इतक्या लोकांदेखत त्यांना मागे फिरायला तोंडच उरलं नाही. त्यांचं परतीचं दार आपणच लावून टाकलं, हे तिला कळलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला.

"आई, सुट्ट्या रद्द झाल्या गं. आम्हाला पुलाकडे हलवतायत. तुमच्याकडे काही कळलंय का?"

"नाही रे." तिने नाक ओढलं. "जेवलास का?"

"जेवलो. अगं, तू रडतेयस की काय? घाबरू नकोस. वरचे लोक चार बाजूंनी विचार करूनच ठरवत असतील ना?"

"हो रे, बाळा," ती म्हणाली.