सगळे आकडे आपलेच

आंब्याचं मन हरेश्वरइतकं अख्ख्या आगाशीत कोणाला कळत नसे. यंदा रुसलेलं झाड पुढल्या साली फांद्या मोडेस्तोवर लागणार, हे तो नुसत्या पालवीकडे बघून सांगायचा. पण सत्त्याण्णव साली हेच शहाणपण बरोबर घेऊन गडी विरारच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रूलेटच्या मशीनसमोर जाऊन बसला, आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

रस्त्याकडची अर्धी वाडी बिल्डरला विकून आलेला पैसा हाताशी होता. पडद्यावर शून्य ते छत्तीस आकडे फिरायचे आणि गोळी एकावर थांबायची. सतरा बरेच दिवस आला नाही, म्हणजे आता तो फळणारच, असं म्हणून हरेश्वर सतरावर लावत राही. सतरा काही आंबा नव्हता. पैसा ओसरत चालला, तसं वड्याचं तेल वांग्यावर निघालं.

"निघताना तू समोर येतेस ना, शकू. तुजाच पायगुन."

बायकोनं ते खरं मानलं, हेच वाईट. तो निघायच्या वेळी शकू मागीलदारी केळीत जाऊन उभी राहायची, बस सुटेपर्यंत. तरी तो हरूनच यायचा, आणि ती मनाशी म्हणायची, मी लपले तरी माझं पाऊल ह्या घराला बाधतंच आहे.

आता विहिरीकडची उरलेली वाडीही विकायची ठरली होती. संध्याकाळी दलाल विसार घेऊन येणार होता.

त्या दुपारी त्यांची मुलगी दीपिका कॉलेजातून आली आणि आईचे सुजलेले डोळे बघून तिचं डोकं फिरलं. तिनं वहीची पानं फाडून सदतीस चिठ्ठ्या केल्या, शून्य ते छत्तीस आकडे घातले आणि तपेलीत टाकल्या.

"बाबा, मी पार्लरवाली. आज सगळे आकडे तुमचेच. प्रत्येकावर एक वाल, म्हणजे सदतीस वाल द्या मला. चिठ्ठी आई काढेल."

हरेश्वरनं हसत डब्यातले वालाचे दाणे मोजून दिले. "पन तिच्या हातानं नको."

शकू उठू लागली. दीपिकानं तिचं मनगट धरून खाली बसवलं. शकूनं चिठ्ठी काढली. नऊ.

"एकाला छत्तीस देतात ना तिथं? हे घ्या." दीपिकानं छत्तीस वाल बापाच्या ओंजळीत घातले, एक स्वतःकडे ठेवला. "आता आणखी एक घालून पुन्हा सदतीस लावा, आणि तुम्ही काढा."

त्यानं काढली. शून्य. पुन्हा छत्तीसच. तो इरेला पेटून काढत राहिला, आणि दर खेपेला एक वाल पोरीच्या ओच्यात जात राहिला.

"समदे आकडे माजे, तरी एक जातोच?"

"आकडे सदतीस, देतात छत्तीस. तुम्ही जिंकता तेव्हासुद्धा कापूनच हातात पडतं."

जन्मभर बाजारात केळी पाठवलेल्या माणसाला आणखी सांगावं लागलं नाही. "अडत," तो पुटपुटला. "दर डावाला अडत कापतात मेले. आनि सतरा?"

"आंब्याच्या अंगात वर्षभर दम साठतो, बाबा. चिठ्ठी परत तपेलीत पडली की तिच्या अंगात काय साठणार?"

"मंग माजा पाय?" शकूनं विचारलं.

"तू काढलीस तरी छत्तीस, बाबांनी काढली तरी छत्तीस. पाय कुठं आला त्यात, आई?"

शकू तिथंच तोंडाला पदर लावून रडली. दुःख त्यात होतंच, पण सुटल्याचा आनंद जास्त होता.

दलाल आला तेव्हा हरेश्वरनं त्याला अंगणातूनच परत लावलं. मग तो येऊन शकूशेजारी ओटीवर बसला.

"चुकलो, शकू."

"चुकलात," ती म्हणाली. माफ केलं वगैरे काही बोलली नाही. "ह्याच पायांनी जलमभर तुमच्या वाडीत पाटाचं पानी फिरवलं मी. आंबे लागले तवा नाय आठवला कोनाला पायगुन?"